फिलर सुरकुती कशी भरून काढतं?

फिलर म्हणजे बोटॉक्स नव्हे, हे आधी सांगायलाच हवं. बोटॉक्स स्नायू सैल करतं. कपाळावरच्या आठ्यांना ते चालतं. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी मात्र वयानुसार चेहऱ्यातली चरबी आणि हाडाचा आधार कमी झाल्याने खोल होते. तिथे आतून भरच घालावी लागते आणि ती फिलर टोचून घालतात.

बहुतेक फिलरमध्ये हायलुरॉनिक आम्ल असतं. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून वेगळं केलं. आपल्या त्वचेतही ते असतंच. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम. पण शरीर ते एक-दोन दिवसांत मोडून टाकतं. मग नुसतं टोचून काय उपयोग? इथली रसायनशास्त्राची करामत मला फार आवडते. त्याच्या लांबलचक साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींना बांधतात. त्याचं जेल होतं, शरीरातल्या विकरांना ते तोडायला वेळ लागतो आणि परिणाम साधारण ६ ते १८ महिने टिकतो. ओठांसाठी मऊ जेल वापरतात, गालाच्या हाडावर ताठ.

परिणाम आवडला नाही तर हायलुरोनिडेज नावाचं औषध टोचून जेल विरघळवता येतं. हेच औषध आणीबाणीतही लागतं. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचेचा भाग मरू शकतो, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे काम पार्लरमध्ये अजिबात करून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा आणि हायलुरोनिडेज दवाखान्यात हाताशी आहे का, ते सुई लागण्याआधी विचारा.