कॉम्प्युटरवर ‘विंडोज मारताय’? आधी मराठी फॉन्ट काढून ठेवा!

फर्दापूर : विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती कॉम्प्युटरसाठी जादा मुदतीची जी योजना जाहीर झाली, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यामुळे अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फर्दापुरात काय किंवा तालुक्याच्या गावी सोयगावात काय, सेवा केंद्र, लॉज, ग्रामपंचायत, शाळा अशा प्रत्येक ठिकाणच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे प्रश्न एकच आहे. विंडोज ११ टाकायचे की आहे तेच चालवायचे?

दुकानात या कामाला ‘फॉरमॅट मारणे’ किंवा ‘विंडोज मारणे’ म्हणतात. दोन-चार तासांत मशीन कोरे करकरीत होऊन परत येते. खरी अडचण कळते दुसऱ्या दिवशी, जुने ठरावाचे पत्र उघडल्यावर.

अपडेट बंद म्हणजे नेमके काय?

कॉम्प्युटर बंद पडत नाही. नवी सापडलेली भोके बुजवणे तेवढे थांबते. याची किंमत मोठी असू शकते. विंडोजमधील एका त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिली होती. ती न टाकलेल्या मशीनवर मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जगभर हल्ला केला. जूनमध्ये त्याच त्रुटीचा फायदा घेणाऱ्या दुसऱ्या व्हायरसने न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले होते. दुरुस्ती उपलब्ध असताना हे झाले. जादा मुदतीच्या योजनेत नसलेल्या विंडोज १० साठी तर यापुढे दुरुस्तीच येणार नाही.

‘डी ड्राइव्हला काही होत नाही’ हे अर्धसत्य

विंडोज नव्याने टाकण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अपग्रेडचा. त्यात फाइल्स आणि बहुतेक सॉफ्टवेअर जागेवर राहतात. जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते आणि साधारण १० दिवसांच्या आत मागे फिरता येते. त्यानंतर ती सोय आपोआप संपते. दुसरा मार्ग ‘क्लीन इन्स्टॉल’चा, म्हणजे सगळे पुसून नव्याने मांडणी. दुकानात बहुधा हाच मार्ग धरतात, कारण तो लवकर उरकतो.

‘सी पुसतो, डी ला हात लावत नाही’ हे वाक्य ऐकले की बरेच जण निश्चिंत होतात. पण डेस्कटॉप, डाऊनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे सगळे सी ड्राइव्हमध्येच असते. शिवाय बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. इन्स्टॉल करताना पडद्यावर ‘सी’, ‘डी’ अशी अक्षरे दिसत नाहीत, ‘पार्टिशन ३’, ‘पार्टिशन ४’ असे दिसते. घाईत चुकीची ओळ डिलीट झाली की डी सुद्धा गेला. म्हणून कॉपी त्याच डिस्कवर नको, बाहेर हवी. शक्य असेल तर दोन ठिकाणी.

फर्दापूरकरांना हे वेगळ्या रूपात ठाऊक असायला हरकत नाही. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती केल्या. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. तरी तिथे मूळ चित्रे भिंतींवर शाबूत होती. फॉरमॅटमध्ये आधी पुसले जाते ते मूळच.

सर्वांत जास्त विसरला जातो तो फॉन्ट

युनिकोड रुळण्यापूर्वी, आणि अनेक कार्यालयांत त्यानंतरही, मराठी टंकलेखन कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आयएसएम यांच्या फॉन्टमध्ये झाले. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर प्रत्यक्षात इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेले असते. फाइलमध्ये साठते ते इंग्रजी अक्षर. फॉन्ट त्याला फक्त मराठी चेहरा देतो. फॉन्ट गेला की ठराव, दाखले, प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचे मजकूर सगळे किडामुंगीसारखे दिसू लागते.

अशा वेळी फाइल खराब झाली असे समजून ती डिलीट करू नका. तोच फॉन्ट पुन्हा टाकला की मजकूर जसाच्या तसा दिसतो. मात्र ‘तोच’ म्हणजे अगदी तोच. कृतिदेव ०१० आणि कृतिदेव ०५५ सारखे वाटले तरी दोन्हींतल्या काही अक्षरांच्या जागा जुळतीलच असे नाही. त्यामुळे फॉरमॅटआधी सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात जाऊन ‘फॉन्ट्स’ हे अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा. थोड्या वेळाचे काम आहे, पण पुढचे आठ दिवस वाचतात. विकतच्या मराठी सॉफ्टवेअरची सीडी, लायसन्स क्रमांक किंवा डाँगलही शोधून ठेवा.

युनिकोडमध्ये टाइप केलेल्यांना ही भीती नाही. त्यांनाही एक धक्का बसू शकतो. मंगल हा फॉन्ट आता विंडोजसोबत मुळात येत नाही, ‘ऑप्शनल फीचर्स’मधून देवनागरीचे पूरक फॉन्ट घ्यावे लागतात. तोपर्यंत मजकूर वाचता येतो, पण ओळी आणि पाने सरकतात.

कार्यालयानुसार यादी वेगळी

ग्रामपंचायतीत डिजिटल सहीचे टोकन असते. सही त्या टोकनमध्येच असल्याने विंडोज पुसल्याने ती जात नाही, ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो. टोकन मात्र ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइज’ करू नका. सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस नव्याने टाकावी लागते. दुकानदाराने हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्यावा, डेस्कटॉपवरचे चिन्ह कॉपी करून काही हाती लागत नाही. परदेशी पाहुणे उतरवणाऱ्या लॉजला २४ तासांत त्यांच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्याचा पासवर्ड ब्राउझरमध्येच साठवलेला असेल तर आधी वहीत उतरवून घ्या.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते, मालकाला कल्पना नसली तरी. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात दिसते का, हे आधी तपासा. बायोसमध्ये बदल केल्यावर मशीनने की मागितली आणि ती नसली, तर दुकानदारही काही करू शकत नाही.

प्रत्यक्ष काम करताना

आधी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागते. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. कित्येक मशीनमध्ये टीपीएम असतो, पण बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो. ‘होत नाही, नवीनच घ्या’ हे ऐकण्यापूर्वी तेवढे पाहून घ्या.

इन्स्टॉलर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा. पेन ड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो, म्हणून बॅकअपचा पेन ड्राइव्ह वेगळाच ठेवा. डाऊनलोड काही जीबींचे असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ते अर्ध्यात अडकेल. वाय-फायचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. तो नसला तर फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंगवर बहुतेक वेळा काम भागते.

लाइसन्सही आधी पाहा. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’खाली डिजिटल लायसन्स दिसत असेल तर त्याच मशीनवर विंडोज ११ साठी पैसे लागत नाहीत. फक्त होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो हीच आवृत्ती टाकायची. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा ‘ॲक्टिव्हेटर’ घरात घेणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे. सुरक्षेसाठी विंडोज बदलायची आणि त्याच दिवशी असले काही चालवायचे, याला काही अर्थ नाही.

वीज जाण्याचा भरवसा नसेल तर डेस्कटॉप यूपीएसवर आणि लॅपटॉप चार्जरवर ठेवा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, तर विंडोजचा विचार बाजूला ठेवून आधी डेटा काढा. आणि बॅकअप झाला असे म्हणण्यापूर्वी तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून त्यातल्या चार-पाच फाइल्स उघडून बघा.

ज्या मशीनवर विंडोज ११ बसतच नाही, त्यांच्यासाठी लिनक्स आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. युनिकोड मराठी, इंटरनेट, पत्रव्यवहार एवढेच काम असेल तर ते पुरते. ठसे घेणारे यंत्र, डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर मात्र त्यावर चालतात का, हे प्रत्येकाच्या उत्पादकाकडून आधी विचारून घ्यावे लागेल.