गोळी स्वस्त, खेप महाग

गडचिरोलीतल्या 86 गावांत माणसं कशानं मरतात, याचा माग 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी काढला. 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मृत्यूच्या कारणांत सर्वांत वर होता लकवा, साधारण दर सात मृत्यूंमागे एक. त्यातले बहुतेक जण घरीच गेले. रक्तदाब म्हणजे शहरातल्या सुखवस्तू, बैठ्या माणसांचं दुखणं, हा समज मोडायला एवढं पुरे.

कारण लकव्यामागचं टाळता येण्याजोगं सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाबच. तो उतरवणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी जुनी आणि स्वस्त आहे, सरकारी आरोग्य केंद्रात फुकटही मिळते. मग अडतं कुठं? 'लोकांना समजत नाही' हे उत्तर आपण फार चटकन देतो. मला ते आळशीपणाचं वाटतं.

तापात अंग मोडून येतं, गोळी घेतली की बरं वाटतं. बीपीचं उलट आहे. वरचा आकडा 170 असलेली बाई दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, तिला काही होत नाही. गोळी सुरू झाली की मात्र पाय सुजू शकतात. अ‍ॅम्लोडिपिननं काहींचे खरोखरच सुजतात. 'एकदा गोळी लागली की सुटत नाही,' असं शेजारीण सांगते, आणि ते बरंचसं खरं आहे. फक्त त्याचं कारण व्यसन नव्हे. गोळी थांबली की दाब पुन्हा चढतो. हे औषध शरीरातून सावकाश उतरतं, म्हणून एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. दोन महिने चुकले तरी जाणवत काहीच नाही, आणि पंचाईत तिथंच आहे.

आता त्यात खेप धरा. गोळ्या 30 दिवसांच्या. केंद्रापर्यंत जायला एसटी, नाहीतर पायपीट. एक दिवसाची मजुरी बुडाली. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, हाती रोकड येण्याचे थोडेच दिवस. त्यात दुखत नसलेल्या आजारासाठी कोण रांगेत उभं राहील? एवढं करून गेलं आणि गोळ्याच संपलेल्या, किंवा डोस वाढवायला डॉक्टर जागेवर नाहीत, तर पुढची खेप होतच नाही.

2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमानं नेमकं इथं लक्ष दिलं. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे त्यातले पहिले जिल्हे. उपक्रमानं नवं औषध एकही आणलं नाही. मोजकी औषधं निवडली (अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन), दाब उतरला नाही तर पुढची पायरी कोणती हे आधीच ठरवून दिलं. औषधं मोजकी असली की किती लागतील याचा अंदाज बांधता येतो, खरेदी घाऊक होते, तुटवडा कमी होतो. बीपी मोजायचं काम नर्सनं करायचं, गोळ्या उपकेंद्रातच द्यायच्या, आणि तारीख चुकवणाऱ्याचं कार्ड बाजूला काढून त्याला निरोप धाडायचा. काम कारकुनी आहे, पण माझ्या मते उपचाराचा खरा गाभा हाच.

2020 च्या टाळेबंदीत तर अनेक ठिकाणी गोळ्या घरपोच गेल्या, एका वेळी एकाहून जास्त महिन्यांच्या दिल्या गेल्या. दाब स्थिरावलेल्या रुग्णाला एरवीही तीन महिन्यांची पाकिटं द्यायला वैद्यकशास्त्राची हरकत नाही. हरकत असते ती साठ्याच्या नोंदवहीची.