चाक किती रुंद, किती बाहेर?

रविवारी सकाळी लोणावळ्याहून औंढ्याच्या रस्त्याने पवनेकडे निघालात, तर फुकटात मोटारींचे एक प्रदर्शन पाहायला मिळते. मुंबई-पुण्याची हौशी तरुण मंडळी आपापल्या ठेंगण्या, झुकत्या, दोन दारांच्या गाड्या घेऊन आलेली असतात. बारकाईने पाहिलेत तर त्यांतल्या निम्म्या गाड्यांची चाके कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नाहीत. टायर रुंद झालेले, रिम मोठी झालेली आणि चाक मडगार्डाच्या कडेला येऊन टेकलेले. पहिलवानाने छाती काढून उभे राहावे, तसा ऐटबाज थाट!

आमच्या पुतण्यालाही तीच हौस आहे. “काका, गाडी रस्त्याला चिकटून बसते,” असे तो सांगतो. हे खरे की नुसती ऐट, याचा विचार गाडीत मागच्या आसनावर बसणाऱ्या माणसांनीही करायला हवा. कारण घाटातल्या वळणावर त्यांचाही जीव त्याच चार चाकांवर टांगलेला असतो.

पूर्वी ही भानगड सोपी होती. फियाटच्या टायरवर ५.२०-१४ एवढेच लिहिलेले असे. रुंदी सव्वापाच इंच म्हणा, आणि रिम चौदा इंच. आता टायरवर १८५/६५ आर १५ असे आकडे येतात. त्यांतला १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या शेकडा ६५, म्हणजे सव्वाशेला थोडी कमी. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. एकाच ओळीत तीन तऱ्हांची मापे! हा संसार कोणी मांडला कोण जाणे, पण आता तो निभावायलाच हवा.

त्यापुढे ८८ एच असे काहीसे असते, तेही दुर्लक्षण्याजोगे नाही. आकडा वजनाचा (८४ असेल तर एका टायरवर ५०० किलो, ९१ असेल तर ६१५), आणि अक्षर वेगाचे. नवा टायर घेताना हे दोन्ही जुन्यापेक्षा कमी असता कामा नयेत. दुकानदार स्वस्तातला दाखवतो, तेव्हा बहुधा येथेच काटछाट झालेली असते.

आता हिशेब करू. वरच्या टायरचा एकूण व्यास येतो ६२१.५ मिलिमीटर. सोळा इंची रिम घालायची असेल तर १९५/५५ आर १६ घ्यावा. त्याचा व्यास ६२०.९, म्हणजे केसभरही फरक नाही. सतरा इंची हवी असेल तर २०५/४५ आर १७, व्यास ६१६.३. रिम वाढली की भिंत तेवढी कमी करायची आणि चाकाची एकूण उंची राखायची, हे सारे गणित. हे न पाहता कोणी २०५/६० आर १६ बसवला, तर व्यास होतो ६५२.४, पाच टक्के जास्त. मग स्पीडोमीटर शंभर दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात एकशेपाचने धावत असते, आणि चाक पूर्ण वळवले की आतून घासल्याचा आवाज येतो.

रुंद टायर जमिनीवर जास्त टेकतो, अशी सर्वांची समजूत असते. अकराशे किलोची गाडी घ्या. एका चाकावर साधारण पावणेतीनशे किलो आले. हवा ३२ पौंड असेल, तर टायर जमिनीला टेकतो तो भाग भरतो सव्वाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या टपाल खात्याच्या एका पोस्टकार्डाएवढा! टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर ते पोस्टकार्ड फारसे मोठे होत नाही. आडवे होते, एवढेच. वळणावर त्याचा उपयोग होतो, हे पुतण्याचे म्हणणे कबूल. पण मावळातला पाऊस काय असतो ते श्रावणात भुशी धरणावर गेलेल्यांना सांगायला नको. रस्त्यावर पाणी साठले की रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावे लागते, आणि ते न सरले तर गाडी पाण्यावर तरंगू लागते. त्यातून नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल (कायद्यानेही त्याखाली चालत नाही), तर मग देवाचे नाव घ्यावे. बुटक्या भिंतीच्या टायरचे दुसरे दुखणे खड्ड्यांचे. धक्का सोसायला रबरच उरलेले नसते. रिम वाकते, किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो.

चाक बाहेर काढण्यासाठी जी जाड चकती हब आणि रिम यांच्यामध्ये घालतात, तिला स्पेसर म्हणतात. ती मुळात वाईट वस्तू नाही. पोर्शसारखी नामांकित कंपनीही काही गाड्यांना पाच मिलिमीटरचे स्पेसर देते, पण सोबत तेवढेच लांब बोल्टही देते. त्याच कंपनीच्या ९११ कॅरेरा एस गाडीला पुढे २४५ आणि मागे ३०५ रुंदीचे टायर असतात, कारण इंजिनाचे ओझे मागे. ते पाहून पुढे इंजिन असलेल्या आपल्या गाडीला मागे रुंद टायर घालणे म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हबमधून निघालेले स्टड आणि त्यांवर नट असतात. पाच मिलिमीटरची चकती घातली की नटाला मिळणारे आटे पाच मिलिमीटरने कमी होतात. बारा मिलिमीटर जाडीच्या, दीड मिलिमीटर आट्याच्या स्टडवर नट निदान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. हे मोजायला यंत्र लागत नाही. गॅरेजमध्ये उभे राहून मोजावे. मिस्त्री हसला तर हसू द्यावा. दुसरी गोष्ट हबच्या मधल्या उंचवट्याची. चाक बरोबर मध्यावर बसते ते त्याच्यामुळे. चकतीने तो झाकला आणि चकतीला स्वतःचा तसा उंचवटा नसला, तर स्टिअरिंग थरथरू लागते. कितीही बॅलन्सिंग केले तरी थांबत नाही. शिवाय चाक जितके बाहेर, तितका व्हील बेअरिंगवर ताण जास्त आणि खड्ड्यातला हिसका थेट हातात.

गंमत अशी की पुष्कळांना स्पेसरची गरजच नसते. सहा इंच रुंदीच्या, ४५ ऑफसेटच्या रिमऐवजी सात इंची, ३५ ऑफसेटची रिम घेतली, तर चाकाची बाहेरची कड आपोआप २२.७ मिलिमीटर बाहेर येते: अर्धा इंच रुंदीचा, दहा मिलिमीटर ऑफसेटचे. त्यावर आणखी चकती घातली की टायर मडगार्डाला घासलाच म्हणून समजा. औंढ्याच्या वाटेवर चार माणसे बसवलेली गाडी खड्ड्यात आपटली की ते कळते, रिकाम्या गाडीत कळत नाही. म्हणून चाचणी भरल्या गाडीची घ्यावी. कुटुंबाला सहलीला नेण्याचे एक चांगले निमित्त!

कायद्याचेही पाहून ठेवावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. आपल्याच गाडीच्या वरच्या श्रेणीला कंपनी जे माप देते, ते निवडणे सर्वांत शहाणपणाचे. तरीही विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर सर्वेक्षक आधी चाकांकडेच पाहतो.

एवढे सगळे करून चकती बसवलीच, तर शंभर किलोमीटरांनंतर नट मापाच्या पान्याने पुन्हा आवळून घ्यावेत. आणि ज्या गाड्यांना स्टडऐवजी बोल्ट असतात, त्यांच्या मालकांनी मूळचे आखूड बोल्ट डिकीत जपून ठेवावेत. घाटात पंक्चर झाले आणि चकतीशिवाय स्टेपनी लावायची वेळ आली, तर लांब बोल्ट आत जास्त शिरून ब्रेकच्या भागांना भिडतात, आणि स्टेपनी घट्ट बसतच नाही.