जुन्या पद्मिनीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताय? आधी हे तपासा

लग्नसराई आली की गावोगावच्या शेडमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात. कुणाची प्रीमियर पद्मिनी, कुणाची पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर, एखाद्याकडे आजोबांच्या काळातली विलीज जीप. गाडी धुऊन पुसून तयार होते, हार चढतो आणि नेमकी वरात निघताना ती मिसिंग मारायला लागते. मिस्त्री येतो, डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडतो, पॉइंटवर सँडपेपर फिरवतो आणि गाडी चालू होते. दोन महिन्यांनी परत तेच.

या रोजच्या कटकटीला कंटाळून आता बरेच जण पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवायला लागले आहेत. काम अवघड नाही. पण घाईत चुकीची वायर जोडली तर नवं किट पहिल्याच किल्लीला जळतं. ते दुरुस्त होत नाही, नवंच घ्यावं लागतं.

पॉइंट नेमकं काय करतात, ते आधी बघू. बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट कॉइलमधून जातो आणि पॉइंटवाटे अर्थ होतो. डिस्ट्रिब्युटरमधला शाफ्ट फिरला की त्याचा चौकोनी कॅम पॉइंट उघडतो. करंट एकदम तुटतो आणि त्या झटक्याने कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. रोटर ते ज्या त्या प्लगकडे पाठवतो आणि ठिणगी पडते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात नि मिटतात. दर वेळी त्यांच्यातही बारीक ठिणगी उडते. कंडेन्सर ती दाबतो, पण पुरती नाही. म्हणून पॉइंट जळतात, खड्डे पडतात. कॅमवर घासणारी टाचही झिजते. मग साधारण ०.४ मिलिमीटर ठेवलेला गॅप कमी होत जातो, टायमिंग सरकतं आणि गाडी सकाळी उठत नाही.

इलेक्ट्रॉनिक किटमध्ये हे घासणं नि जळणं राहत नाही. रोटरखाली लोहचुंबकाची एक कडी बसते आणि पॉइंटच्या जागी छोटं मॉड्यूल. चुंबक समोरून गेला की मॉड्यूल करंट तोडतं. एकाला एक टेकतच नाही, तर झिजणार काय? राजदूतला पॉइंट होते आणि हिरो होंडा सीडी १०० ला सीडीआय आलं, तेव्हा दुचाकीवाल्यांनी हा फरक अनुभवलेला आहे. (डिझेल गाडीला ठिणगीच लागत नाही, त्यामुळे डिझेल अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनी हे वाचून सोडून दिलं तरी चालेल.)

किट मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या साली वेगळे डिस्ट्रिब्युटर लागलेले असतात. डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, तो पुसून बघावा आणि त्याप्रमाणेच किट घ्यावं. बॅटरीची कुठली बाजू बॉडीला अर्थ आहे तेही बघावं. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत प्लस अर्थ असतो, जुन्या विलीज जीपची मूळ वायरिंग तर सहा व्होल्टची. त्यांना साधं किट चालत नाही.

सगळ्यात जास्त किट जळतात ती कॉइलमुळे, आणि इथेच मिस्त्री लोक घाई करतात. कॉइलच्या वायरी काढून प्लस आणि मायनसच्या टोकांमध्ये मल्टीमीटरने रेझिस्टन्स मोजावा. तीन ओहमच्या आसपास आला तर बारा व्होल्टला चार अँपिअर करंट जातो, बहुतेक किटना तो सोसतो. दीड ओहमची कॉइल थेट जोडली तर करंट दुप्पट, म्हणजे आठ अँपिअर. मॉड्यूल तापतं आणि जातं. अशा कॉइलसोबत बॅलास्ट रेझिस्टर असतो, तो कॉइलसाठी तसाच ठेवावा. मॉड्यूलची लाल वायर मात्र बॅलास्टच्या आधी, किल्लीकडच्या बाजूला जोडावी, म्हणजे त्याला पुरे बारा व्होल्ट मिळतात. बॅलास्ट नसेल तर बहुतेक किटमध्ये लाल वायर कॉइलच्या प्लसला आणि काळी मायनसला जाते. तरी किटसोबतचा कागद वाचूनच जोडावी.

बसवण्याआधी बॅटरीची वायर काढावी, रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खडूने खूण करावी. नंतर टायमिंग लाइट लावून टायमिंग नव्याने सेट करायलाच हवं, पॉइंटचं जुनं टायमिंग जसंच्या तसं येत नाही. प्लगच्या वायरी तांब्याच्या असतील तर कार्बनच्या घालाव्यात, नाहीतर मॉड्यूलला त्रास होतो.

आणखी एक. इंजिन बंद आणि किल्ली ऑन, असं गाडीला उभं ठेवू नये. वरातीत गाणी लावून गाडी तशीच ठेवायची सवय असते, त्यात साधी मॉड्यूल तापून जातात.

सगळे आजार मात्र यानं बरे होत नाहीत. पावसाळ्यात कॅपच्या आत ओल धरली तर किट असूनही गाडी अडणारच. शाफ्टचा बुश झिजला असेल तर पॉइंटपेक्षा कमी, पण त्रास होतोच. कार्बोरेटरमध्ये कचरा असेल तर इग्निशन बदलून पैसे वाया. मुळात गाडी वर्षातून चारदाच निघत असेल, तर नवे पॉइंट नि कंडेन्सर घालून भागतं, किटचा खर्च कशाला?

ज्यांना गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची आहे त्यांनी जास्त जपावं. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. किट कॅपखाली लपतं आणि परत काढताही येतं, पण आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं.

काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांचे स्क्रू भंगारात देऊ नयेत. पॉइंट हळूहळू बिघडतात, आधी इशारा देतात. मॉड्यूल जातं तेव्हा गाडी जागेवर बंद पडते आणि घाटात तिथे कुणाला दुरुस्त करता येत नाही. जुना सेट पिशवीत बांधून डिकीत असला, तर स्क्रू ड्रायव्हर आणि फीलर गेज घेऊन रस्त्याच्या कडेलाच तो परत बसवून घर गाठता येतं.