बिनतारी विमानास एक आज्ञा अधिक

इ. स. १८९८ मध्यें न्यूयॉर्क शहरांतील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला ह्या संशोधकानें एक लहानशी नौका पाण्यांत सोडली आणि कोणतीहि तार न जोडतां तिला दुरून वळवून दाखविली. प्रेक्षकांस तो चमत्कार वाटला. आज तोच चमत्कार हौशी मंडळींचा छंद झाला आहे. सुटीच्या सकाळीं मोकळ्या मैदानावर हातांत प्रेषक यंत्र, म्हणजे ट्रान्समीटर, घेऊन चिमुकलीं विमानें उडविणारे लोक पुष्कळांनीं पाहिले असतील.

अशा विमानास बहुधा चार आज्ञा पुरतात: वेग, चढउतार, कलणें आणि वळणें. प्रत्येक आज्ञेच्या वाटेस ‘चॅनेल’ म्हणतात. आपण तिला मार्ग म्हणूं. परंतु हौसेला अंत नसतो. विमानाचीं चाकें मिटतां यावीं, दिवे लागावे, अशी इच्छा होते. आणि चार मार्गांच्या यंत्रास आणखी एकदोन मार्ग जोडतां येतील काय, असा प्रश्न उभा राहतो.

प्रत्येक आज्ञेस निराळी लहर लागते, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं. लहर एकच असते. तिच्यावरून आज्ञा एकामागून एक जातात. वर्गांतील मुलांनीं ठरलेल्या क्रमानें एकेक शब्द बोलावा आणि दाराबाहेर बसलेल्या लेखनिकानें केवळ क्रमावरून कोण बोललें तें ओळखावें, तशीच ही रीत आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत प्रत्येक आज्ञेस १ ते २ मिलिसेकंद वेळ मिळतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. दांडी मध्यावर असली कीं दीड, एका टोकास १ व दुसऱ्या टोकास २. सर्वांची पाळी संपली कीं यंत्र किंचित् स्तब्ध राहतें. त्या स्तब्धतेवरून विमानांतील ग्राहक यंत्रास, म्हणजे रिसीव्हरला, समजतें कीं आतां पुन्हां पहिल्यापासून मोजावयाचें. अशी एक फेरी बहुधा २० मिलिसेकंदांची धरतात. म्हणजे सेकंदास ५० फेऱ्या.

आतां गणित मांडून पाहावें. सर्व दांड्या लांब टोकास नेल्या, तर ४ मार्गांस ८ मिलिसेकंद लागतात व स्तब्धतेस १२ उरतात. ६ मार्ग केले तर ८ उरतात, ८ केले तर ४. येथवर अडचण नाहीं. पण ९ मार्ग केले कीं १८ खर्च होऊन अवघे २ उरतात, आणि २ मिलिसेकंद ही तर एका आज्ञेचीच लांबी! मग स्तब्धता कोणती व आज्ञा कोणती, हें ग्राहकास कळणार नाहीं. मोजणी चुकेल आणि एकाची आज्ञा दुसऱ्यास जाईल. फेरी लांबविली तर हा घोटाळा टळतो, परंतु प्रत्येक आज्ञा तितकी उशिरां पोहोंचते.

प्रत्यक्ष काम कसें होतें? सिग्नेटिक्स कंपनीची एनई ५०४४ ही चिप सात मार्गांसाठीं केलेली होती. चार आज्ञांच्या यंत्रांत ती असली तर तीन जागा रिकाम्या राहतात. दांडीखालीं असतो तशाच मूल्याचा पोटेन्शिओमीटर घेऊन त्याचीं दोन टोकें जुन्याच्या टोकांप्रमाणें जोडतात व मधली तार रिकाम्या जागेस डाख देऊन बसवितात. मार्गांची संख्या बदलण्यासाठीं चिपच्या माहितीपत्रकांतील जोडणीहि करावी लागते. येथें एक बारकावा आहे. दांडी पोटेन्शिओमीटरचा थोडाच भाग फिरविते. नवें बटण मात्र पूर्ण फिरतें. म्हणून दोन्ही टोकांस स्थिर रोधक घालून आज्ञा १ ते २ मिलिसेकंदांच्या मर्यादेंत ठेवावी लागते.

एवढ्यानें काम संपत नाहीं. ग्राहकांतील ४०१७ सारखी मोजणारी चिप दहापर्यंत मोजूं शकते. पण बाहेर चारच खुंट्या काढलेल्या असल्या तर पांचवी आज्ञा विमानापर्यंत जाऊनहि वायां जाते. नव्या यंत्रांत डाखाऐवजीं आंतील प्रोग्रॅम बदलतात. फ्लायस्काय कंपनीचा एफएस-आय६ हा सहा मार्गांचा प्रेषक हौशी लोकांनीं अशाच रीतीनें दहा मार्गांचा केला आहे. तेथेंहि अधिक आज्ञा बाहेर काढून देणारा ग्राहक लागतोच.

लहर सोडणाऱ्या भागास मात्र हात लावूं नये. लहरींची वारंवारता व शक्ति कायद्यानें बांधलेली असते. फेरफारानंतर पहिली परीक्षा जमिनीवर, विमानाचा पंखा काढून घ्यावी. सर्व दांड्या एकदम टोकास नेऊन कोणतें सुकाणू भलतेंच हलतें काय, तें पाहावें; मग प्रेषक बंद करून लहर तुटतांच इंजिनास थांबण्याची आज्ञा मिळते काय, तेंहि पाहावें. ही परीक्षा न घेतां उडविलेलें विमान कोणाच्या तरी डोक्यावर येऊं शकतें, आणि तेव्हां बटण कितीहि फिरविलें तरी उपयोग नसतो.