दोन्ही टोकांची रेल्वे
जपानची नगरे : लेखांक ७

‘शितेत्सु’ म्हणजे खासगी मालकीची रेल्वे. मात्र जपानी व्यवहारात ही संज्ञा केवळ मालकीवरून लावली जात नाही. १ एप्रिल १९८७ रोजी तेथील राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन ‘जेआर’ या नावाच्या कंपन्या निर्माण झाल्या आणि त्यांतील मोठ्या कंपन्या पुढे शेअर बाजारातही आल्या, तरी त्यांना कोणी शितेत्सु म्हणत नाही. ही संज्ञा राखून ठेवलेली आहे ती प्रामुख्याने तोक्यो, ओसाका, नागोया आणि फुकुओका या महानगरांच्या उपनगरांतून गाड्या चालवणाऱ्या तोक्यू, ओदाक्यू, सेइबू, तोबू, हानक्यू, हानशिन, किन्तेत्सु अशा कंपन्यांसाठी. त्यांच्यातील सोळा कंपन्या ‘मोठ्या’ गणल्या जातात. त्यांत किन्तेत्सुचे जाळे सर्वांत लांब, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरचे आहे. या कंपन्या दैनंदिन वाहतुकीसाठी सरकारी अनुदानावर जगत नाहीत, एवढ्यावरून त्यांच्याकडे खासगी उद्यमशीलतेचा निर्भेळ नमुना म्हणून बोट दाखवले जाते. हे कौतुक अर्धवट आहे. रूळ आणि गाड्या हा या कंपन्यांचा डोळ्यांना दिसणारा व्यवसाय असला, तरी त्यांची अर्थरचना रुळांच्या दोन टोकांवर आणि मधल्या शेतजमिनीवर उभी आहे, आणि ती उभी राहण्यासाठी जागोजागी सरकारी नियमांचा टेकू लागला आहे.

पहिला टेकू नकळत मिळाला. १९०६ च्या राष्ट्रीयीकरण कायद्यान्वये सरकारने सतरा खासगी रेल्वे कंपन्या विकत घेतल्या आणि देशातील मुख्य लोहमार्ग आपल्या हाती आणले. त्यानंतर सरकारी मार्गाला समांतर असा नवा मार्ग टाकण्याची परवानगी एखाद्या खासगी रेल्वेला मिळणे जवळजवळ अशक्य होते. परंतु रस्त्यांवरून धावणाऱ्या ट्रामसाठी १८९० पासून वेगळा नियम होता आणि तो रेल्वेच्या कायद्याइतका कडक नव्हता. ओसाका आणि कोबे या शहरांना जोडू पाहणाऱ्या हानशिन कंपनीने स्वतःला ट्राम म्हणवून घेतले. मार्गाचा काही भाग रस्त्यावरून गेला म्हणजे नियमाची पूर्तता झाली, असा उदार अर्थ मान्य करून घेतला आणि उरलेला मार्ग सरळ स्वतःच्या जमिनीवरून नेला. १९०५ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचे रूळ १,४३५ मिलिमीटर अंतरावर होते, तर सरकारी रेल्वेचे १,०६७ मिलिमीटरवर. म्हणजे जिला कागदोपत्री ट्राम म्हटले होते, तिचे रूळ रेल्वेपेक्षा रुंद होते. विजेवर धावणारी, थोड्या थोड्या अंतरावर थांबणारी आणि दर काही मिनिटांनी सुटणारी ही गाडी सरकारी वाफेच्या गाडीला भारी पडली आणि तोच कित्ता इतरांनी गिरवला.

हा कित्ता वेगळ्याच दिशेला वळवला तो इचिझो कोबायाशी (१८७३–१९५७) यांनी. मित्सुई बँकेतील नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थांच्या हाती १९०७ मध्ये जी कंपनी आली, तिचे नाव होते मिनो-आरिमा विद्युत ट्राममार्ग आणि तिची अवस्था दयनीय होती. त्याच वर्षीच्या मंदीमुळे निम्म्याच्या आसपास समभागांना खरेदीदार नव्हते आणि नियोजित मार्गावर एकही मोठे शहर नव्हते. हानशिनला दोन्ही टोकांना ओसाका आणि कोबे मिळाली होती. येथे एका टोकाला ओसाकातील उमेदा, तर दुसऱ्या टोकाला ताकाराझुका नावाचे उष्ण झऱ्यांचे लहानसे गाव आणि मिनो येथील धबधबा. (आरिमापर्यंत हा मार्ग कधी पोहोचलाच नाही.) कोबायाशींचा हिशेब असा की, ज्या मार्गावर प्रवासी नाहीत त्या मार्गालगतची जमीनही स्वस्त असते, ती गाडी सुरू होण्यापूर्वी विकत घ्यावी, गाडीमुळे तिची किंमत वाढली की तिच्यावर घरे बांधून विकावीत, आणि त्या घरांत राहायला येणारे लोक पुढे आयुष्यभर त्याच गाडीचे प्रवासी होतील. भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी १९०८ मध्ये त्यांनी एक पुस्तिकाच छापली आणि तीत बांधकामाच्या खर्चाबरोबर जमिनीच्या व्यवहारातून अपेक्षित असलेल्या नफ्याचाही आराखडा मांडला. पाठोपाठ निघालेल्या दुसऱ्या पुस्तिकेचा रोख थेट ओसाकातील नोकरदारांवर होता: कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या शहरात भाड्याने राहण्यापेक्षा मोकळ्या हवेत स्वतःचे घर घ्यावे, असा तिचा सूर होता.

१० मार्च १९१० रोजी गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा स्थानकालगतची मुरोमाची ही वसाहत विक्रीला निघाली. सुमारे दोनशे घरे, प्रत्येकाला साधारण १०० त्सुबो जमीन (त्सुबो हे जपानी माप सुमारे ३.३ चौरस मीटरचे), आणि किंमत अडीच हजार येनच्या घरात. महत्त्वाची होती ती विक्रीची पद्धत: किमतीचा पाचवा हिस्सा आरंभी भरायचा आणि उरलेली रक्कम दहा वर्षे मासिक हप्त्यांनी फेडायची. नोकरदाराच्या ठरलेल्या पगारावर भरवसा ठेवून घर विकणे ही जपानमध्ये तेव्हा नवी गोष्ट होती. बँकेत घडलेल्या माणसालाच ती सुचावी, यात आश्चर्य नाही.

वसाहतीमुळे मात्र एक नवाच पेच निर्माण झाला. नोकरदार सकाळी शहराकडे आणि संध्याकाळी घराकडे जातो. म्हणजे एका दिशेच्या गाड्या भरलेल्या आणि त्याच गाड्या परतताना रिकाम्या, दुपारी आणि रविवारी तर सगळाच मार्ग ओस. गाडी, चालक आणि वीज यांचा खर्च तर दोन्ही दिशांना सारखाच. म्हणून शहराबाहेरच्या टोकाला माणसांनी जावे असे काही तरी हवे होते. मिनो येथे काढलेले प्राणिसंग्रहालय काही वर्षांतच बंद करावे लागले. ताकाराझुका येथे १९११ मध्ये उष्ण पाण्याची नवी स्नानगृहे उभी राहिली, त्यांना जोडून बांधलेला बंदिस्त पोहण्याचा तलाव फसला, तेव्हा त्या तलावावर फळ्या टाकून रंगमंच आणि प्रेक्षागृह तयार करण्यात आले, आणि १९१४ च्या एप्रिलमध्ये तेथे तरुण मुलींच्या संगीत-नाट्य पथकाचा पहिला प्रयोग झाला. आज शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेली ताकाराझुका ही स्त्री-कलाकारांची नाट्यसंस्था त्यातूनच वाढली. १९१५ मध्ये माध्यमिक शाळांची पहिली राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा याच कंपनीच्या तोयोनाका मैदानावर भरली. पण ते मैदान अपुरे पडताच दोन वर्षांनी ही स्पर्धा हानशिनने आपल्या मार्गावर ओढून नेली आणि तिच्यासाठी १९२४ मध्ये कोशिएन हे विशाल क्रीडांगण बांधले. नाटक काय किंवा खेळ काय, या कंपन्यांच्या लेखी ती दुपारच्या आणि सुटीच्या दिवसाच्या गाड्या भरण्याची साधने होती.

१९१८ मध्ये कोबायाशींच्या कंपनीने नाव बदलले (नव्या नावाचे संक्षिप्त रूप हानक्यू) आणि १९२० मध्ये थेट कोबेचा मार्ग सुरू केला. डोंगराच्या बाजूने सरळ गेलेल्या या मार्गाच्या जाहिरातीत गाडी स्वच्छ, वेगवान आणि चक्क रिकामी असल्याचे अभिमानाने सांगितले होते. स्वतःच्या गाडीत प्रवासी नाहीत, हेच प्रवाशांना आमिष म्हणून दाखवणारी ही जाहिरात जपानमध्ये अजूनही आठवली जाते. शहरातले टोकही कोबायाशींनी मोकळे सोडले नाही. उमेदा येथील स्वतःच्या इमारतीत त्यांनी आधी एका जुन्या व्यापारी पेढीला जागा भाड्याने दिली, त्या दुकानाच्या विक्रीचा अंदाज घेतला, १९२५ मध्ये स्वतःची बाजारपेठ काढली आणि १९२९ मध्ये स्थानकातच हानक्यू डिपार्टमेंट स्टोअर उघडले. रेल्वे कंपनीने आपल्या अंतिम स्थानकात चालवलेले हे पहिले मोठे दुकान. मंदीच्या त्या काळात तेथील भोजनगृहात केवळ भात मागवून त्यावर टेबलावरचे सॉस ओतून खाणारे ग्राहक येऊ लागले. इतर ठिकाणी अशांना हाकलले जात असताना कोबायाशींनी त्यांचे जाहीर स्वागत केले. आज गरीब असलेली ही तरुण माणसे उद्या बायकामुलांना घेऊन याच भोजनगृहात येतील, असा त्यांचा तर्क होता. दहा वर्षांच्या हप्त्याने घर विकणारा माणूस ग्राहकाकडेही तेवढ्याच लांबच्या नजरेने पाहत होता.

तोक्योमध्ये हीच पद्धत अधिक आक्रमकपणे राबवली गेली. उद्योगपती एइइची शिबुसावा यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उद्याननगर कंपनीने देनएन-चोफू ही वसाहत आखली. स्थानकापासून पंख्यासारखे पसरलेले तिचे रस्ते आजही श्रीमंतीची खूण मानले जातात. या वसाहतीला गाडी हवी होती, आणि कोबायाशींच्या शिफारशीवरून ते काम रेल्वे खात्यातील माजी अधिकारी केइता गोतो (१८८२–१९५९) यांच्याकडे आले. १९२३ मध्ये गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये झालेल्या महाभूकंपाने तोक्योचा जुना भाग उद्ध्वस्त झाल्यामुळे लोक आपोआप उपनगरांकडे वळले. गोतोंनी उलट दिशेच्या गाड्या भरण्यासाठी नाटकाऐवजी विद्यार्थी आणले: केइओ विद्यापीठाला हियोशी येथे विस्तीर्ण जमीन मोफत दिली आणि १९३४ मध्ये तेथे विद्यापीठाचे आवार सुरू झाले. विद्यार्थी सकाळी शहरातून बाहेर जातो, नेमका नोकरदाराच्या विरुद्ध दिशेने, शिवाय वर्षानुवर्षे जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोतोंच्या तोक्यू कंपनीने हाती घेतलेला तामा देनएन-तोशी हा प्रकल्प या पद्धतीचा कळस होय. तोक्योच्या नैर्ऋत्येकडील टेकड्यांवरचे सुमारे ५,००० हेक्टरचे हे क्षेत्र कंपनीने विकत घेतले नाही. तेवढी ऐपत तिच्यापाशी नव्हती. तिने ‘भूमी-पुनर्रचना’ या कायदेशीर पद्धतीचा आधार घेतला. या पद्धतीत जमीनमालक आपले विखुरलेले तुकडे एकत्र करतात, रस्ते, गटारे आणि बागा यांसाठी काही हिस्सा सोडतात, आणि प्रत्येकाला आकाराने लहान पण किमतीने वाढलेला भूखंड परत मिळतो. शिवाय काही भूखंड राखून ठेवून त्यांच्या विक्रीतून खर्च भागवला जातो. महाराष्ट्रात १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ओळखीच्या असलेल्या ‘टीपी स्कीम’चा गाभा हाच आहे. जपानी प्रयोगातील वेगळेपण इतकेच की, शेतकऱ्यांच्या संघांचे सारे काम तोक्यूने अंगावर घेतले आणि मोबदल्यात ते राखीव भूखंड घेतले. १९६६ मध्ये नागात्सुतापर्यंत, तर १९८४ मध्ये चुओ-रिनकानपर्यंत मार्ग पोहोचला. आज या पट्ट्यात सहा लाखांच्या आसपास लोक राहतात. अशा शहरांचे श्रेय केवळ गोतोंच्या दूरदृष्टीला देणारे लेखक तो कायदा आणि ते शेतकरी यांना सहसा विसरतात.

गाड्या जशा भरल्या, तसे स्थानकांचे आणि वेळापत्रकांचे शास्त्र विकसित झाले. मुंबईकराला धीमी आणि जलद असे दोन प्रकार परिचित आहेत. शितेत्सुच्या मार्गावर त्यांच्यामध्ये आणखी तीन-चार पायऱ्या असतात, आणि हे सारे बहुधा दोनच रुळांवर. ठरावीक स्थानकांत फलाटाच्या दोन्ही बाजूंना रूळ असतात; धीमी गाडी एका बाजूला थांबते, जलद गाडी दुसऱ्या बाजूला येते, प्रवासी फलाट ओलांडून डबा बदलतात आणि जलद गाडी पुढे निघून जाते. १९६० च्या डिसेंबरमध्ये केइसेइ कंपनीच्या गाड्या तोक्यो महापालिकेच्या भुयारी मार्गात थेट शिरू लागल्या; त्यासाठी केइसेइने आपल्या साऱ्या मार्गाच्या रुळांतील अंतर आदल्याच वर्षी बदलून घेतले होते. स्वयंचलित तिकीट-तपासणीचे दरवाजे १९६७ मध्ये हानक्यूच्या किता-सेनरी स्थानकात मोठ्या प्रमाणावर प्रथम बसवले गेले.

या साऱ्याचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाचे उत्तर प्रवाशाच्या खिशात सापडत नाही. जपानमध्ये नोकरदाराच्या पासाचे पैसे सामान्यतः त्याची कंपनी देते आणि महिन्याला १,५०,००० येनपर्यंतच्या या भत्त्यावर प्राप्तिकर लागत नाही. घर आणखी दूर घेतले तरी प्रवासखर्च वाढत नाही, हे ठाऊक असलेला माणूस स्वस्त जमिनीच्या मागे दूरवर जातो. म्हणजे उपनगरांच्या विस्ताराला करव्यवस्थेनेच हातभार लावला. त्याची किंमत गर्दीच्या रूपाने मोजावी लागली. तेथे गर्दीचे अधिकृत प्रमाण ठरलेले आहे: १०० टक्के म्हणजे डब्याची नियोजित क्षमता, १८० टक्क्यांना घडी घातलेले वर्तमानपत्र कसेबसे वाचता येते, आणि २५० टक्क्यांना हातही हलवता येत नाही. १९७५ मध्ये तोक्यो परिसराची सरासरी २२१ टक्के होती. ओदाक्यू कंपनीने दोनाचे चार रूळ करण्याची योजना १९६०च्या दशकात आखली; जमिनीच्या किमती आणि उन्नत मार्गाविरुद्ध रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेले दावे यांतून वाट काढत ते काम २०१८ च्या मार्चमध्ये पूर्ण झाले.

त्यानंतर दोनच वर्षांत महासाथ आली, लोक घरून काम करू लागले, आणि तोक्योतील सरासरी गर्दी १६३ टक्क्यांवरून १०७ टक्क्यांवर आली. मार्गाच्या टोकांची पडझड मात्र त्याआधीच सुरू झाली होती: जन्मदर घटल्यामुळे मुलांची संख्या रोडावली आणि ताकाराझुकाचे मनोरंजन उद्यान २००३ मध्ये बंद पडले, सेइबूचे तोशिमाएन २०२० मध्ये, तर शिबुया येथील तोक्यूचे जुने दुकान त्याच वर्षीच्या मार्चअखेर बंद झाले. २०१९ मध्येच तोक्यूने रेल्वेचा व्यवसाय वेगळ्या उपकंपनीकडे सोपवून मूळ कंपनीच्या नावातून रेल्वे हा शब्द काढून टाकला होता. २०२३ मध्ये तोक्यू आणि किन्तेत्सु या दोघांनी भाडी वाढवली. ओदाक्यूने त्याच्या आदल्या वर्षी उलटा मार्ग धरला: कितीही अंतरासाठी मुलांचे भाडे, कार्डाने दिल्यास, सरसकट ५० येन केले. मुलांच्या तिकिटांतून फारसे उत्पन्न कधीच नव्हते. लहान मुले असलेल्या कुटुंबांनी शेजारच्या कंपनीच्या मार्गाऐवजी आपल्या मार्गावर घर घ्यावे, यासाठी ही सवलत आहे.