दाराशीं ताटकळलेल्यांच्या आठवणी

सन २०२५ च्या जानेवारी महिन्यांत नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर 'कोल्डप्ले' नांवाच्या इंग्रज वाद्यवृंदाचे तीन जलसे झाले. आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या मैत्रिणींच्या संगतीनें त्यांपैकीं एका जलशास गेली होती. दुसऱ्या दिवशीं ती घरीं परतली, तेव्हां तिचा घसा पार बसलेला होता, पाय सुजले होते आणि चेहरा मात्र उजळलेला होता. आमच्या मातोश्री आतां नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनीं पणतीस जवळ बसवून घेतलें आणि विचारलें, "मग? भेट झाली का गं तुझ्या गवयाची?"

"भेट कसली, पणजी! केवढी गर्दी होती. तो लांबून एवढासा दिसत होता. आम्ही त्याला पडद्यावरच पाहिलें."

मातोश्रींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे पदस्पर्श नाहीं, मुखदर्शनही नाहीं. कळसदर्शन झालें म्हणायचें."

पंढरपुरच्या रांगांत ज्यांचीं अनेक वर्षें गेलीं, त्यांनाच असें बोलणें सुचावें. घरांतील सर्व मंडळी हसली. परंतु आमच्या मनांत एक प्रश्न राहून गेला. कळस पाहूनही माणूस समाधानानें घरीं परततो, तर मग पायांवर डोकें टेकविण्यासाठीं रात्र रात्र तिष्ठत राहण्याची हौस कशासाठीं? आणि ज्यांचें डोकें खरोखर पायांपर्यंत पोंचलें, त्यांच्या हातीं काय लागलें? नातीस हें विचारलें, तेव्हां तिनें आमच्यापुढें अशा भक्तांनीं लिहिलेल्या व सांगितलेल्या आठवणींचा ढीगच आणून ठेवला. पावसाळाभर आम्ही तो वाचीत होतों. पुढील मजकूर हा त्या वाचनाचा प्रसाद आहे.

आतां 'रॉक' म्हणजे काय, हें वडीलधाऱ्या वाचकांस सांगितलें पाहिजे. आमचा कित्येक वर्षें असा ग्रह होता कीं, रॉक म्हणजे खडक, आणि कानांवर दगड पडल्यासारखें वाटतें म्हणून हें नांव पडलें असावें. ही व्युत्पत्ति नातीनें मोडीत काढली. येथें मूळ धातूचा अर्थ झुलणें, डोलणें असा आहे. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाचें 'ब्लूज' गायन आणि तिकडच्या गोऱ्या खेडुतांचीं गाणीं यांच्या मिश्रणांतून १९५० नंतरच्या दशकांत हा प्रकार उदयास आला. त्याची गोडी आम्हांस लागली असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्यांतील नगारे आम्हांस अद्यापि सोसत नाहींत.

परंतु त्या गायकांच्या दाराशीं उभी राहिलेली माणसें मात्र आम्हांस अगदीं ओळखीचीं वाटलीं.

इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरच्या चार तरुणांचा 'बीटल्स' हा वाद्यवृंद. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. सन १९६५ च्या ऑगस्टांत न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावर त्यांना ऐकण्यास सुमारें ५५,००० लोक जमले होते. 'ऐकण्यास' हा शब्द आम्ही संवयीनें लिहिला. वस्तुतः श्रोत्यांच्या किंकाळ्यांमुळें गाणाऱ्यांस स्वतःचा आवाजही ऐकूं येत नसे. पुढच्याच वर्षीं ऑगस्टच्या २९ तारखेस सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांनीं शेवटचा दौऱ्यावरील जलसा केला आणि नंतर ते लंडनमधील ॲबी रोडवरच्या ध्वनिमुद्रणगृहांत शिरले ते तेथेंच रमले. म्हणजे देवळाचा सभामंडप बंद झाला आणि गाभारा तेवढा राहिला. मग भक्तांनीं काय करावें? ते त्या गृहाच्या पायऱ्यांवर येऊन उभे राहूं लागले.

त्यांत मुलीच अधिक. थंडी, पाऊस, रात्र, कशाचीही पर्वा नाहीं. त्यांतील एक लिझी ब्राव्हो. ही मूळची ब्राझील देशांतील रिओ द जानेरोची. सन १९६७ च्या फेब्रुवारींत ती लंडनला आली आणि त्या दारापुढें उभें राहणें हा तिचा नित्यनेम होऊन बसला. पाहिलेलें, ऐकलेलें ती दैनंदिनींत टिपून ठेवी. त्या टिपणांच्या आधारें तिनें पुढें सन २०१५ मध्यें पुस्तक प्रसिद्ध केलें.

सन १९६८ च्या फेब्रुवारीची ४ तारीख. रविवार होता. आंत लेननच्या 'अक्रॉस द युनिव्हर्स' या गीताचें ध्वनिमुद्रण चाललें होतें आणि त्यास वरच्या पट्टींतील स्त्रीस्वराची जोड हवी होती. रविवारच्या रात्रीं गायिका कोठून आणावी? तेव्हां मॅकार्टनी बाहेर आला आणि दाराशीं जमलेल्या मुलींना विचारूं लागला कीं, तुमच्यापैकीं कोणास उंच स्वर धरतां येतो का? लिझीनें होकार दिला. तिच्याबरोबर गेलीन पीज नांवाची लंडनची मुलगी आंत गेली. एक सोळा वर्षांची, दुसरी सतरा. ज्यांचें ओझरतें दर्शन व्हावें म्हणून त्या महिनोन्महिने उभ्या होत्या, त्यांच्या शेजारीं उभ्या राहून त्या गायल्या. त्या गीताच्या ध्रुवपदांत गुरूचा जयजयकार करणारे संस्कृत शब्द आहेत, हें वाचून आम्ही चष्मा काढून पुसला आणि तो परिच्छेद पुन्हा वाचला. हें मुद्रण सन १९६९ च्या डिसेंबरांत वन्य प्राण्यांच्या रक्षणार्थ काढलेल्या एका धर्मादाय ध्वनिमुद्रिकेंतून प्रसिद्ध झालें. लिझी पुढें मायदेशीं परतली, तेथें तिनें गायनाचा व्यवसाय केला आणि सन २०२१ मध्यें ती निवर्तली.

सगळ्याच भक्तांचें वर्तन असें सोज्ज्वळ होतें, असें मात्र नाहीं. मॅकार्टनीचें घर त्या ध्वनिमुद्रणगृहापासून हाकेच्या अंतरावर होतें. तो घरीं नसतां कांहीं मुली बागेंतील शिडी लावून न्हाणीघराच्या खिडकींतून आंत शिरल्या आणि आठवण म्हणून वस्तू व छायाचित्रें घेऊन गेल्या. त्यांतील एक छायाचित्र त्याच्या फार जिव्हाळ्याचें होतें. तें परत मिळावें म्हणून त्यानें फौजदार बोलाविला नाहीं. दाराशीं उभ्या राहणाऱ्या मुलींपैकींच एकीजवळ शब्द टाकला आणि तें परत आलें. त्या चोरीवर त्यानें एक गाणेंही रचलें, असें सांगतात. आमच्या शिक्षकी पेशाच्या दृष्टीनें हा प्रकार निंद्यच आहे. तरी पण अपराध्यास अपराध्याच्याच मैत्रिणीकरवीं वळणावर आणण्याची ही युक्ति आम्हीही वर्गांत योजिली आहे.

या मुलींना हॅरिसननें एक नांव दिलें होतें. त्यांच्या 'ॲपल' कंपनीची कचेरी सॅव्हिल रो या रस्त्यावर होती. तिच्याही पायऱ्यांवर या मुली बसत. म्हणून त्या 'ॲपल स्क्रफ्स', म्हणजे आपल्या भाषेंत ॲपलचीं गबाळीं. मुलींनीं तें नांव भूषणासारखें मिरविलें आणि त्या नांवानें स्वतःचें एक नियतकालिकही काढलें. सन १९७० मध्यें हॅरिसननें याच नांवाचें एक गीत रचून आपल्या ध्वनिमुद्रिकेंत घातलें. भक्तांनीं देवाचीं स्तोत्रें रचावींत हा जगाचा रिवाज. देवानें भक्तांचें स्तोत्र रचल्याचीं उदाहरणें थोडीं.

याचें कारण असें असावें कीं, हॅरिसन स्वतः कोणाच्या तरी दाराशीं उभा राहिलेला होता. पंडित रविशंकर यांची व त्याची भेट सन १९६६ मध्यें लंडन येथें झाली आणि तो सतार शिकूं लागला. पहिल्याच शिकवणीच्या वेळीं दूरध्वनीची घंटा वाजली. हॅरिसन उठला आणि सतार ओलांडून निघाला. पंडितजींनीं त्याच्या पायावर चापट मारली आणि वाद्याचा मान राखावयास सांगितलें. ज्याच्या पायांवर लोळण घेण्यास हजारों मुली तयार होत्या, त्याचा तो पाय. ही हकीकत हॅरिसनच आवडीनें सांगत असे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तो शिक्षणासाठीं मुंबईस आला, तो ओळख पटूं नये म्हणून मिशा वाढवून. ताजमहाल हॉटेलांत उतरला. तरीही बातमी फुटली, खालीं तरुण-तरुणींची गर्दी लोटली आणि गुरु-शिष्यांना शेवटीं काश्मिरांत जाऊन नौकागृहाचा आसरा घ्यावा लागला. शिष्यवृत्तीनें राहण्यासाठींही प्रसिद्ध माणसास पळून जावें लागतें, हें आम्हांस नवीन होतें.

हे चौघे आणखीही एका ठिकाणीं भक्त म्हणून गेले होते. सन १९६५ च्या ऑगस्टच्या २७ तारखेस लॉस एंजल्स येथें एल्व्हिस प्रेस्ली याच्या घरीं. ज्याचीं गाणीं ऐकून आपण गाऊं लागलों, तो समोर बसलेला पाहून ह्यांची वाचाच बसली. छायाचित्र नाहीं, ध्वनिमुद्रण नाहीं. आणि त्या रात्रीं काय काय घडलें याविषयीं चौघांच्या आठवणी एकमेकींशीं जुळत नाहींत. सामान्य भक्ताला भेटीचा प्रत्येक क्षण पाठ असतो असें आम्ही मानीत होतों. तेंही सर्वस्वीं खरें नसावें.

या ठिकाणीं आमचाच एक अनुभव सांगण्याचा मोह आवरत नाहीं. निवृत्त झाल्यावर एकदां आम्ही बसस्थानकावर उभे असतां एका प्रौढ गृहस्थानें वांकून नमस्कार केला. म्हणाला, "सर, नववींत असतांना तुम्ही मला तुमची स्वतःची शब्दरूपावली दिली होतीत. पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून. अजून आहे माझ्याजवळ." आम्हांस त्याचा चेहरा आठवेना, नांव आठवेना, ती शब्दरूपावलीही आठवेना. "आठवतें तर!" असें आम्ही बोलून गेलों. त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यांत आमची गाडी लागली. तें असत्य भाषण आम्हांस अजून टोंचतें. खरें बोललों असतों तर कदाचित् त्याहून अधिक टोंचलें असतें.

म्हणूनच लेननची एक हकीकत आम्हांस विशेष वाटली. सन १९७१ मध्यें तो लंडनबाहेर ॲस्कट येथें एका मोठ्या वाड्यांत राहत असे. तेथील बागेंत एक तरुण येऊन राहिला होता. मळलेले कपडे, विस्कटलेले केस. लेननचीं गाणीं ऐकून त्याच्या मनानें घेतलें होतें कीं, हीं आपल्यालाच उद्देशून लिहिलेलीं आहेत. प्रत्यक्ष भेट झाली म्हणजे उलगडा होईल. लेनन दारांत आला आणि त्याच्याशीं शांतपणें बोलला. मी तुझा विचार करून लिहिलें नाहीं. माझ्या स्वतःच्या आयुष्याविषयीं लिहिलें आणि कधीं कधीं तर नुसता शब्दांशीं खेळ केला. तुझ्या आयुष्याशीं त्यांतलें कांहीं जुळलें तर ठीक, असा त्या बोलण्याचा आशय. त्यानें 'आठवतें तर' म्हटलें नाहीं. मग त्यानें विचारलें, तुला भूक लागली आहे का? आणि त्याला स्वयंपाकघरांत नेऊन खाऊं घातलें. या प्रसंगाचें चित्रण झालेलें आहे. आम्ही तें नातीकडून दोनदां मागून घेऊन पाहिलें. त्या तरुणाच्या चेहऱ्यावर आधीं मोठी निराशा दिसते; नंतर तो मुकाट्यानें जेवतो.

आतां जें लिहावयाचें तें लिहूं नये असें वाटतें. पण टाळतां येत नाहीं. सन १९८० च्या डिसेंबरची ८ तारीख. लेनन न्यूयॉर्क येथें 'डाकोटा' नांवाच्या इमारतींत राहत होता. सायंकाळीं तो बाहेर पडत असतां दाराशीं थांबलेल्या एका मनुष्यानें नवी ध्वनिमुद्रिका पुढें केली. लेनननें तीवर स्वाक्षरी दिली. रात्रीं अकराच्या सुमारास तो परतला, तेव्हां तोच मनुष्य तेथेंच उभा होता. त्यानें पाठीमागून गोळ्या झाडल्या. लेनन तेव्हां चाळीस वर्षांचा होता. मारेकऱ्याचें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं. जगप्रसिद्ध होण्याची त्याची इच्छा पुरेशी पुरी झाली आहे.

हें वाचलें त्या रात्रीं आम्ही नातीस जरा कठोरपणेंच बजावलें कीं, जलशास जा, गाणीं ऐक. पण कोणाच्या दाराशीं जाऊन उभी राहूं नकोस, आणि कोणी उभें असेल तर त्याच्याजवळही थांबूं नकोस. एकलव्याचें उदाहरणही दिलें. मातीच्या मूर्तीपुढें बसून त्यास विद्या आली, आणि गुरूची प्रत्यक्ष भेट झाली तेव्हां अंगठा गेला.

ती निमूटपणें ऐकून घेईल असें आम्हांस वाटलें होतें. ती म्हणाली, "आजोबा, त्या दोन मुलीही दाराशींच उभ्या होत्या ना? तें गाणें तुम्हीं ऐकलेंत का?"

आम्हीं ऐकलें नव्हतें. तिनें मोबाइलवर लावलें. परंतु त्यांत मुलींचा आवाज कोठेंच येईना. मागाहून तिच्या ध्यानांत आलें कीं, हें सन १९७० च्या ध्वनिमुद्रिकेंतलें रूप. त्यांतून मुलींचे स्वर गाळलेले आहेत. पुष्कळ शोधून तिनें दुसरें काढलें. त्याच्या आरंभीं पांखरांचा किलबिलाट आहे. मग लेननचा आवाज, मग तो गुरूचा जयजयकार, आणि त्याच्या पाठोपाठ, वरच्या पट्टींत, थोडेसे कच्चे, दोन कोंवळे स्वर.

संस्कृत उच्चार सदोष आहेत असें आम्ही म्हणणार होतों. तेवढ्यांत आंतल्या खोलींतून मातोश्रींनीं विचारलें, "कोण गं गातें आहे तें? पुन्हा लाव बघूं."